कुकाऱ्याचं गाव

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांना अजून नावं पडायची होती आणि आज कुठून वाहायचं हे नदी रोज सकाळी उठून ठरवत असे.

त्या काळी एका डोंगराच्या उतारावर सतरा घरांचं एक गाव होतं. घरं लांब लांब, प्रत्येक घर आपापल्या शेताला धरून. गावाला नाव नव्हतं, पण धुकं होतं. आणि धुकं तरी कसलं! पावसाळ्याचे चार महिने ते गावावर बसून राही, कोंबडी अंड्यांवर बसते तसं. बायका त्या धुक्यावर लुगडी वाळत घालायच्या. वाळायची नाहीत, ही गोष्ट वेगळी. एका पठ्ठ्यानं तर धुक्यात खुंटी ठोकली आणि आपलं मुंडासं तिला अडकवलं. दुपारी धुकं उठलं आणि मुंडासं घेऊन पलीकडच्या खोऱ्यात गेलं. तिथला एक म्हातारा अजून ते डोक्याला बांधून हिंडतो. मी पाहिलंय. तुम्हाला पटत नसेल तर राहू द्या.

अशा धुक्यात माणसाला माणूस दिसत नाही. म्हणून त्या गावात कुकारा होता.

कुकारा म्हणजे लांब घातलेली हाक. प्रत्येक घराचा कुकारा वेगळा. कुणाचा वर चढत जाणारा, कुणाचा मध्येच तुटणारा, कुणाचा शेवटी गिरकी घेणारा. मूल जन्मलं की नाव ठेवायच्या आधी सुईण त्याच्या कानात त्याच्या घराचा कुकारा घालत असे. नाव बाराव्या दिवशी मिळे, कुकारा पहिल्या श्वासाला.

रीत अशी होती : ज्याच्या घरी जायचं, त्याच्या घराचा कुकारा द्यायचा. घरातल्यांनी तो ओळखून ‘ओ’ द्यायची. येणारा त्या ‘ओ’च्या रोखानं धुक्यातून चालत यायचा. आणि घर फार लांब असलं, तर मधल्या घरांनी कुकारा उचलून पुढे द्यायचा. एका टोकाला कुणाच्या पोटात दुखलं, तर भाकरी उलटायच्या आत दुसऱ्या टोकाला कळत असे.

सुईणीचं नाव हौसाई. गावातलं प्रत्येक डोकं पहिल्यांदा तिच्या हातात आलेलं. ती सांगायची, “बाकी काही पाळू नका. देव विसरा, चालेल, तो रागावून जाणार कुठे? पण कुकारा आला की ओ द्या. तोंडात घास असला तरी द्या.”

आता या गावाच्या वरच्या टोकाला दोन मित्र राहत होते. लुमाजी आणि गोंदाजी. दोघांच्या शेतांना एकच बांध आणि बांधावर दोघांचा मिळून एकच माळा, राखणीसाठी चार दांड्यांवर बांधलेला. नाचणी दाण्यावर आली की रानडुकरं उतरायची. मग एकानं रात्रभर माळ्यावर बसून फुटकी परात बडवायची, गोफणीतून धोंडे फेकायचे, आणि पहाटे दुसऱ्यानं येऊन त्याला मोकळं करायचं. रानाच्या अंगाला असे पाच माळे, त्यांवरून पाच जण ओरडत असायचे. त्यातला निम्मा वेळ ते एकमेकांची चेष्टा करत.

रानाच्या कडेनं गाव एक पट्टा जास्तीचा पेरत असे. त्याला ‘डुकराचा वाटा’ म्हणत. वरती गुहेत एक म्हातारी डुकरीण होती. ती पिल्लांना सांगायची, “एवढा पट्टा आपला. त्याच्या खाली उतरू नका. खाली माणसं आहेत. ती एकमेकांशी बोलतात.”

एका वर्षी पाऊस लांबला. पट्टा पुरला नाही. डुकरं खाली आली आणि एका रात्रीत लुमाजीची अर्धी नाचणी लोळवून गेली. त्या रात्री माळ्यावर लुमाजीच होता. त्याला झोप लागली होती. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, म्हणून मी सांगतो.

सकाळी आडवं झालेलं शेत बघून तो म्हणाला, “बास. आता ओरडणं बास.” त्यानं दुभती म्हैस सोडली, घाट उतरून बाजारात गेला आणि येताना म्हशीच्या बदल्यात एक ठासणीची बंदूक घेऊन आला.

त्याची बायको बयना अंगणात उभी होती. तिनं बंदुकीकडे बघितलं, मग रिकाम्या दाव्याकडे.

“म्हैस दूध देत होती. ही काय देणार?”

“ही झोप देणार,” लुमाजी म्हणाला.

“झोपेसाठी म्हैस कशाला घालवली? त्या रात्री माळ्यावर ती कमी कुठे पडली होती?”

बायकांना सगळं कळतं. त्यांना सांगावं लागत नाही.

चौथ्या दिवशी लुमाजीनं एक सुळेवाला डुक्कर पाडला. गावानं तो वाटून खाल्ला. लोक लुमाजीच्या पाठीवर थापा मारत होते आणि पोरं नळीत डोळा घालून आतला अंधार बघत होती. गोंदाजीही हसला. म्हणाला, “लुम्या, आता तुला परात बडवायला नको. बरं झालं. तुझा ताल भयंकर होता.”

एकट्या हौसाईनं मटण खाल्लं नाही. ती म्हणाली, “माझ्या दातांना होत नाही.” तिला दात होते. पुष्कळ होते.

पण बंदुकीला एक खोड असते. ती घरात आली, की काहीतरी मारायला मिळावं म्हणून वाट बघत बसते. सुळेवाला पडल्यापासून डुकरं येईनात. माळ्यांवरून ओरडा सुरू झाला की ती कडेवरूनच माघारी जात. लुमाजी बार भरून बसे आणि भरलेली बंदूक घेऊन घरी येई. आधी शेत वाचलं की त्याला बरं वाटायचं. आता डुक्कर वाचलं म्हणून वाईट वाटू लागलं.

एक दिवस तो गोंदाजीला म्हणाला, “पहाटे मला सोडवायला येतोस, तेव्हा तो कुकारा देत नको जाऊस. तुझ्या आवाजानं जनावर पळतं. गप येत जा.”

गोंदाजी म्हणाला, “गप? अरे, गप आलेला माणूस नि डुक्कर यांत धुक्यात फरक तो काय?”

“मला माणूस ओळखू येत नाही होय रे? जन्म गेला तुला बघण्यात.”

“बघण्यात नाही लुम्या, ऐकण्यात. या गावात कोण कुणाला बघतो?”

“बरं बाबा, ऐकण्यात. तुझ्या पायांचा आवाज ओळखतो मी. मग तर झालं?”

गोंदाजी मित्र होता. मित्राचं मन मोडायचं नाही म्हणून तो हो म्हणाला. लुमाजीनं बयनालाही तेच सांगितलं. ती म्हणाली, “मी कुकारा देऊनच भाकरी आणणार. तुमच्या नजरेचा भरवसा मला नाही. लग्नात माझ्या करवलीच्या गळ्यात माळ घालत होतात.”

तीन पहाटा गोंदाजी गप आला. चौथ्या पहाटे धुकं इतकं दाट होतं की त्याला स्वतःचे पाय दिसत नव्हते. तो बांध चुकला आणि नाचणीतून आला. ताटं सळसळली. लुमाजीनं चाप ओढला.

धुक्यातून ओरडणं आलं, आणि ते डुकराचं नव्हतं.

गोंदाजीचा डावा पाय गुडघ्याखाली फुटला. हौसाईनं पाला बांधून जीव वाचवला, पाय वाचला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या अंगणात गाव जमलं. गोंदाजी चटईवर आडवा होता. हौसाईनं सगळ्यांदेखत विचारलं, “लुमा, त्यानं कुकारा का नाही दिला?”

लुमाजीला उत्तर माहीत होतं. दोन शब्दांचं होतं : मीच सांगितलं. पण ते बोललं तर गाव बंदूक काढून घेईल आणि दरीत फेकेल, हेही त्याला माहीत होतं. म्हैस तर गेलीच होती.

तो म्हणाला, “मला काय ठाऊक? विसरला असेल.”

त्या गावात माणूस स्वतःचं नाव विसरला असता, पण कुकारा नाही. लोकांनी गोंदाजीकडे पाहिलं. त्यानं लुमाजीकडे पाहिलं आणि म्हणाला, “लुम्या, पाय नेलास ते मी सोसलं असतं. वर्षभरात आपण त्यावर हसलोही असतो. हे नाही सोसायचं.”

दुसऱ्या दिवशी लुमाजी गोंदाजीच्या बांधावर गेला आणि त्यानं गोंदाजीच्या घराचा कुकारा दिला. एकदा. दोनदा. आतून ओ आली नाही.

गाव वसल्यापासून तो पहिला कुकारा, ज्याला ओ मिळाली नाही.

गोंदाजीनं बैलजोडी सोडली आणि बंदूक आणवली. तो काही कुणाला मारणार नव्हता. त्याला फक्त भीती वाटत होती. एक पाय गेलेल्या माणसाला पळता येत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. पण गोंदाजीकडे बंदूक आली म्हटल्यावर त्याच्या खालच्या घराला भीती वाटली. त्या घरात आली, म्हणून त्याच्याही खालच्या घराला. मग बंदुका विकणारा सौदागर स्वतःच घाट चढून येऊ लागला. त्याला फार बोलावं लागत नसे. अंगणात उभा राहून एवढंच म्हणायचा, “शेजाऱ्यानं घेतली. तुमचं बघा.” येताना त्याच्या गाढवावर बंदुका असत, जाताना त्याच्यामागे गुरं. दोन पावसाळ्यांत गावातलं ताक संपलं. सोळा घरांत सोळा बंदुका झाल्या. सतरावं घर हौसाईचं. सौदागर तिच्याकडे गेला तेव्हा ती म्हणाली, “मी माणसं आणते बाबा. तुझा नि माझा धंदा जुळायचा नाही.”

आणि कुकाऱ्याचं काय झालं? कुणी बंद केला नाही. तो आपोआप गेला. कुकारा दिला की आपण कुठे उभे आहोत ते सगळ्यांना कळतं. ओ दिली की आपण कुठे बसलो आहोत ते कळतं. पूर्वी त्याच्यासाठीच तर तो होता. आता त्याच्याच भीतीनं घशात राहू लागला. माणसं धुक्यातून पाय न वाजवता चालायला शिकली. माळे ओस पडले, कारण माळ्यावर बसलेला माणूस लांबून दिसतो. डुकराचा वाटा कुणी पेरेना.

वरती म्हातारी डुकरीण कान देऊन बसली होती. ती पिल्लांना म्हणाली, “ऐका.”

पिल्लं म्हणाली, “काहीच ऐकू येत नाही.”

“तेच म्हणते मी,” डुकरीण म्हणाली. “चला. आता सावकाश खाल्लं तरी चालेल.”

तिसऱ्या पावसाळ्यात लुमाजीची मुलगी गजरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. एकुलती एक मुलगी. लुमाजी तिच्यासाठी दारात बंदूक घेऊन बसे. तो म्हणायचा, माझ्या लेकीच्या केसाला धक्का लागू देणार नाही.

एके दुपारी गजराला कळा सुरू झाल्या. बाहेर धुकं असं की दारातून हात काढला तर बोटं परत येतील का अशी शंका यावी. हौसाईचं घर गावाच्या खालच्या टोकाला. लुमाजी अंगणात आला, छाती भरून घेतली आणि दोन वर्षांनी हौसाईच्या घराचा कुकारा दिला. मग थांबला. आता पहिलं घर उचलेल, मग दुसरं.

पहिलं घर गोंदाजीचं होतं.

गोंदाजीनं कुकारा ऐकला. त्याला आवाज ओळखू आला. तो मनाशी म्हणाला, “हौसाईच्या निमित्तानं मला अंगणात काढतोय. मी आवाज दिला की त्याच रोखानं बार.” आणि तो भिंतीला पाठ लावून गप बसला. त्याच्या खालच्या घरांनी तर काही ऐकलंच नाही.

बयना उठली. “मी जाते.”

“गोंद्याच्या बांधावरून जाऊ नकोस,” लुमाजी म्हणाला. “ओढ्याकडून फिरून जा.”

ओढ्याकडून म्हणजे चौपट वाट. बयना पळत गेली, पडत गेली. हौसाईनं ऐकलं आणि वेखंड, दोरा, तेलाची कुपी कमरेला बांधून ती निघाली. पण ओढ्याकडे नाही.

“माय, त्या वाटेनं गोंदा आहे,” बयना म्हणाली.

“गोंदा आहे म्हणूनच जाते. पायाळू होता तो. डावा पाय धरून बाहेर ओढलाय मी त्याला, तो काय मला मारतोय? तू दमलीस, सावकाश ये.”

हौसाई पुढे झाली. गोंदाजीचा बांध लागताच तिनं जुन्या रीतीप्रमाणे, जिथे जायचं त्या घराचा कुकारा दिला. लुमाजीच्या घराचा. वर चढणारा, शेवटी गिरकी घेणारा. खणखणीत.

गोंदाजी खिडकीशी होता. धुक्यातून लुमाजीचा कुकारा आपल्याच बांधावरून आपल्याकडे येतोय, एवढं त्याला कळलं. आवाज बाईचा आहे, आणि कुकारा येणाऱ्याचा नसतो, जायच्या घराचा असतो, हे ध्यानात यायला आणखी एक श्वास लागला असता. तेवढा तो थांबला नाही.

बार झाला. कुकारा गिरकी घेता घेता तुटला.

गोंदाजी काठी टेकत बाहेर आला आणि त्याला वेखंडाचा वास आला. मग हौसाई दिसली. त्यानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. ज्या हातांनी त्याला या जगात ओढलं होतं, ते हात त्यानं हलवून बघितले. मग त्याला कळलं, की ती कुणाकडे आणि कशाला निघाली होती.

बंदूक तिथेच टाकून तो लुमाजीच्या घराकडे निघाला. एका पायावर, चिखलात. आणि त्यानं लुमाजीचा कुकारा दिला. “हौसाई पडली रे! लुम्या, हौसाई पडली! पोरीकडे दुसरं कुणी बघा!” पण धुक्यात शब्द विरतात, कुकारा तेवढा पोचतो.

लुमाजीनं आधी बार ऐकला होता. आता गोंदाजीच्या आवाजातला आपला कुकारा ऐकला. तो म्हणाला, “आला. मला संपवायला आला.” आणि दाराआड बसून दारू ठासू लागला.

आतून गजरा म्हणाली, “बाबा, कुकारा आलाय. ओ द्या ना.”

“गप पोरी.”

“बाबा, कुणीतरी बोलावतंय. ओ द्या.”

त्यानं दिली नाही. मग गजरानं स्वतःच, होता नव्हता तेवढा श्वास लावून ओ दिली. ती दारापर्यंतसुद्धा पोचली नाही. बाहेर गोंदाजी वाट चुकला आणि कुकारा देत देत भलतीकडेच, दरीच्या अंगाला गेला. थोड्या वेळानं तोही ऐकू येईनासा झाला.

बयना बांधावर हौसाईला ओलांडून घरी पोचली, तेव्हा मूल जगात आलं होतं आणि गजरा गेली होती. तिच्या केसाला धक्का लागला नव्हता.

बयनानं मूल उचललं. त्याच्या कानाशी तोंड नेलं. पहिल्या श्वासाला कुकारा घालायचा असतो. पण तिच्या घशातून आवाज फुटेना. लुमाजीकडे बघावं, तर तो बंदूक कवटाळून बसलेला. मग ते मूल आपणच रडलं. मोठ्यानं, लांब, अनोळखी सुरात.

धुक्यातून तो आवाज सगळ्या गावावर गेला. असा आवाज त्या लोकांनी कधी ऐकला नव्हता. तो कुठल्याच घराचा नव्हता. आणि घराघराच्या खिडकीतून एकेक नळी बाहेर आली आणि त्या रडण्याच्या दिशेनं वळली.

कुणी ओ दिली नाही.

त्या वर्षी नाचणी डुकरांनी काढली, भर दिवसा, मुळापासून. पुढल्या पावसाळ्याच्या आत बयना मुलाला पाठीशी बांधून घाट उतरून गेली. एकेक घर तसंच गेलं, कुणी कुणाला न सांगता. लुमाजी तेवढा राहिला. आडव्या झालेल्या शेतात तो भरली बंदूक घेऊन बसत असे आणि कशाचं रक्षण करतो आहे, हे त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. विचारायला कुणी नव्हतं. धुक्यानं अंगण भरलं की तो कधी कधी गोंदाजीचा कुकारा देत असे. मग मान कलती करून थांबायचा.

सुरुवातीला धुक्याचं जे सांगितलं, त्यात मी थोडं पदरचं घातलं होतं. ती लुगडी, ते मुंडासं. बंदुकीचं सांगितलं त्यात एक अक्षरही घातलेलं नाही. तिथे घालावं लागत नाही.

तात्पर्य : ज्यानं शेजाऱ्याची हाक बंद केली, त्याचं रक्षण मग कुठलीच बंदूक करू शकत नाही.